हॅब्सबर्ग घराण्याच्या लेकी-सुना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅब्सबर्ग घराण्याचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मालिका बघून आलेले सिसीबद्दल, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या सम्राज्ञी एलिझाबेथबद्दल, विचारतात, फ्रेंच राज्यक्रांती वाचून आलेले मारी आंत्वानेतबद्दल, आणि मुंबईच्या इतिहासात रमणारे हुंड्याबद्दल. उत्तरं साधारण काळाच्या क्रमाने लावली आहेत, पण हवा तो प्रश्न आधी वाचला तरी अडणार नाही.

हॅब्सबर्ग म्हणजे नेमकं कुठलं घराणं?

आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या आरगाऊ भागात हॅब्सबर्ग नावाची एक लहानशी गढी आहे, तिच्यावरून हे नाव पडलं. १२७३ साली या घराण्यातला रुडॉल्फ जर्मन राजा म्हणून निवडून आला आणि लवकरच ऑस्ट्रिया त्यांच्या हाती गेलं. पुढे स्पेनची शाखा १७०० पर्यंत चालली, ऑस्ट्रियाची १९१८ पर्यंत. १४३८ ते १७४० या तीनशे वर्षांत पवित्र रोमन साम्राज्याचा (मध्य युरोपातल्या मुख्यतः जर्मन राज्यांच्या समूहाचा) प्रत्येक सम्राट याच घरातला होता.

सगळ्याच मारिया आणि सगळ्याच मार्गारेट! ओळखायच्या कशा?

तक्रार रास्त आहे. अठराव्या शतकातल्या एकट्या मारिया थेरेसा राणीच्या अकराही मुलींचं नाव ‘मारिया’ने सुरू होतं. फ्रान्सला दिलेली धाकटी, म्हणजे पुढची मारी आंत्वानेत, घरी आंतोनिया म्हणून ओळखली जायची, पण तिचंही पूर्ण नाव मारिया आंतोनियाच. म्हणून पहिलं नाव सोडून द्यायचं आणि दुसरं धरायचं: क्रिस्तिना, अमालिया, कारोलिना. तेवढ्याने भागलं नाही तर सासर बघायचं. ‘नेपल्सची’, ‘पार्माची’, ‘हंगेरीची’ असं म्हटलं की बहुतेक गोंधळ मिटतो.

लढाया न करता नुसती लग्नं लावून त्यांनी राज्य मिळवलं, हे खरं का?

अर्धंच. ‘युद्धं इतरांना करू द्या, भाग्यवान ऑस्ट्रिया, तू लग्नं कर’ अशा अर्थाची एक लॅटिन ओळ प्रसिद्ध आहे आणि घराण्याच्या कौतुकात ती हमखास येते. प्रत्यक्षात लग्नाने हक्काचा कागद मिळायचा. जमीन लढूनच घ्यावी लागायची.

बर्गंडीच्या मेरीचंच बघा. जानेवारी १४७७ मध्ये तिचा बाप चार्ल्स नान्सीच्या लढाईत मारला गेला. १९ वर्षांची ही एकुलती एक मुलगी युरोपातल्या सर्वांत श्रीमंत शहरांची मालकीण झाली, आणि फ्रान्सचा राजा लगेच तिचा मुलूख गिळायला सरसावला. त्याच ऑगस्टमध्ये तिने गेंट शहरात मॅक्सिमिलियन हॅब्सबर्गशी लग्न केलं. १४८२ साली शिकारीत घोड्यावरून पडून ती गेली, तेव्हा पंचवीस वर्षांची होती. त्यानंतर मॅक्सिमिलियनला तो वारसा टिकवण्यासाठी फ्रान्सशी आणि स्वतःच्याच प्रजेशी झगडावं लागलं. १४८८ साली तर ब्रुझच्या नागरिकांनी त्याला काही महिने कैदेत ठेवलं होतं.

हंगेरीचीही तीच गत. १५१५ साली व्हिएन्नात दुहेरी सोयरीक जुळली: मॅक्सिमिलियनची नात मेरी हंगेरीच्या लुईला, आणि लुईची बहीण ॲना हॅब्सबर्गांच्या घरात. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांपुढे लुई पडला आणि ॲनाचा नवरा फर्डिनांड बोहेमिया-हंगेरीचा राजा झाला. बोहेमिया हाती आला, पण हंगेरीचा मोठा भाग पुढची दीडशे वर्षं तुर्कांकडेच राहिला.

या घराण्यातली सर्वांत कर्तबगार बाई कोण?

बहुतेक जण मारिया थेरेसाचं नाव घेतात. माझं मत मात्र तिच्या दोनशे वर्षं आधीच्या मार्गारेटला, म्हणजे मेरी आणि मॅक्सिमिलियनच्या मुलीला.

तिची कहाणी सुरू होते तिसऱ्या वर्षी. १४८३ साली तिला फ्रान्सची भावी राणी म्हणून तिकडे पाठवलं. दहा वर्षं ती तिथे वाढली. दरम्यान तिच्या विधुर बापाने ब्रिटनीच्या ॲनशी १४९० साली प्रतिनिधीमार्फत लग्न लावलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवरदेवाच्या वकिलाने एक पाय उघडा करून नवरीच्या बिछान्यात घातला, आणि लग्न पुरं झालं असं मानलं गेलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सचा राजा चार्ल्स आठवा याने त्याच ॲनशी लग्न केलं. म्हणजे एकाच फटक्यात त्याने मार्गारेटला टाकलं आणि तिच्या बापाची बायकोही पळवली. तरी मार्गारेटला परत पाठवायला त्याने १४९३ उजाडवलं, कारण तिच्याबरोबर आंदण म्हणून आलेले प्रांत परत करायची त्याची इच्छा नव्हती.

१४९७ मध्ये तिचं लग्न स्पेनच्या युवराजाशी, हुआनशी झालं. तो सहा महिन्यांत गेला. १५०१ मध्ये सव्हॉयच्या फिलिबेरशी झालं. या नवऱ्यावर तिचा खरा जीव होता, पण तोही १५०४ मध्ये गेला. वय वर्षं २४. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीचं स्थळ बापाने पुढे केलं, तिने साफ नाही म्हटलं. ब्रू इथे नवऱ्यासाठी दगडी लेससारखं कोरीव मठ-मंदिर बांधायला घेतलं आणि १५०७ पासून नेदरलँड्सचा कारभार हाती घेतला. मेखलन हे तिचं ठाणं. भावाची पोरकी मुलं तिनेच वाढवली, आणि त्यांतला एक पुढे सम्राट चार्ल्स पाचवा झाला. ॲन बोलिनसुद्धा मुलगी असताना काही काळ तिच्या दरबारात शिकायला होती.

१५२९ साली चार्ल्स आणि फ्रान्सचा फ्रान्सिस यांचं युद्ध थांबेना. दोघांनी एकमेकांचे इतके अपमान केले होते की समोरासमोर बसणं शक्यच नव्हतं. तेव्हा कांब्रे गावात मार्गारेट आणि फ्रान्सिसची आई लुईझ यांनी बसून तह केला. या दोघी नणंद-भावजय होत्या: लुईझ ही फिलिबेरची बहीण. या तहाला आजही ‘बायकांचा तह’ म्हणतात.

‘वेडी जुआना’ खरंच वेडी होती का?

तिला तीव्र नैराश्याचे झटके येत असावेत, एवढं म्हणायला जागा आहे. पण तिला ४६ वर्षं कोंडून ठेवण्याचं कारण तिचं मन नव्हतं, तिचा हक्क होता.

स्पेनच्या इसाबेला-फर्डिनांडची ही मुलगी वारसाच्या रांगेत मुळात नव्हतीच. भाऊ, मोठी बहीण आणि बहिणीचं लेकरू असे तिघे १४९७ ते १५०० या काळात गेले आणि ती एकदम गादीची वारस झाली. १५०४ मध्ये आई गेली, जुआना कास्टीलची राणी झाली, आणि नवरा फिलिप (मार्गारेटचा भाऊ) व बाप फर्डिनांड दोघेही तिच्या नावावर राज्य करायला धावले. तिला कारभार झेपत नाही यावर या दोन वैऱ्यांचं लगेच एकमत झालं. १५०६ मध्ये फिलिप अचानक वारला. पोटुशी जुआना त्याची शवपेटी घेऊन रात्री प्रवास करत ग्रानाडाकडे निघाली, त्यावरून वेडाच्या कथा रंगल्या. त्यात एक हिशेबही असू शकतो. ग्रानाडा हे राजघराण्याचं दफनस्थान, आणि नवऱ्याला तिथे पुरणं म्हणजे आपल्या मुलाचा वारसा पक्का करणं.

१५०९ पासून तोर्देसिलासच्या वाड्यात तिचा कारावास सुरू झाला. पहारेकरी सरदाराने तिच्यापासून बापाच्या मृत्यूची बातमीही लपवली. फर्डिनांड १५१६ मध्ये गेल्यावरही तो जिवंत असल्याचं नाटक चालू होतं. सोबतीला होती ती फक्त धाकटी मुलगी कातालिना, बापाच्या मागे जन्मलेली. तिची खोली आईच्या खोलीतून जाऊनच गाठता यायची. मुलाने, म्हणजे चार्ल्सने, बहिणीला एकदा गुपचूप तिथून हलवलं, तेव्हा जुआनाने अन्न सोडलं आणि मुलीला परत आणावं लागलं. १५२० साली बंडखोरांनी तोर्देसिलास घेतलं आणि तिला म्हणाले, सही करा, राज्य तुमचं. तिने सही केली नाही. मुलाची गादी त्यामुळे वाचली आणि तिची कोठडी कायम राहिली. १५५५ मध्ये मरेपर्यंत सरकारी कागदांवर मात्र चार्ल्सबरोबर राणी म्हणून तिचंही नाव येत असे.

यांच्यात विधवांनाच अधिकार कसा मिळायचा?

राज्यं विखुरलेली, सम्राट एक. माद्रिद, ब्रसेल्स, व्हिएन्ना सगळीकडे घरचं माणूस हवं. भावाला किंवा काकाला बसवलं तर तो उद्या गादीवर हक्क सांगेल. सरदाराला बसवलं तर दुसरे सरदार रुसणार. राहिली बहीण, आत्या किंवा मुलगी. तिला नवरा असला तर तिची निष्ठा सासरकडे झुकण्याची भीती, म्हणून निपुत्रिक विधवा सर्वांत सोयीची. मोहाचला नवरा गमावलेल्या हंगेरीच्या मेरीने पुन्हा लग्न केलं नाही आणि १५३१ पासून १५५५ पर्यंत नेदरलँड्स चालवलं.

चार्ल्सची मुलगी, ऑस्ट्रियाची जुआना, हिची गोष्ट जास्त बोचते. १५५४ च्या जानेवारीत तिचा पोर्तुगीज नवरा वारला, अठरा दिवसांनी मुलगा सेबॅस्टियन जन्मला, आणि मे महिन्यात तिला स्पेनचा कारभार बघायला बोलावून घेतलं. लेकरू लिस्बनमध्ये सासूकडे राहिलं. ते तिने पुन्हा कधीच पाहिलं नाही. पाच वर्षं तिने राज्य उत्तम चालवलं. याच काळात ती पुरुषी टोपणनावाने जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात दाखल झाली. बायकांना बंदी असलेल्या त्या संघात शेवटपर्यंत राहिलेली ती एकटीच बाई.

मामा-भाचीची लग्नं इतकी का व्हायची?

आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न अनेक घरांत चालतं, दक्षिणेत मामा-भाचीचंही चालतं, त्यामुळे मराठी वाचकाला एकट्या-दुकट्या लग्नाचं फारसं नवल वाटणार नाही. चर्चला मात्र ते निषिद्ध होतं. दर वेळी पोपची खास परवानगी आणावी लागायची, आणि ती मिळायची. नवल आहे ते पिढ्यामागून पिढ्या दोनच घरांत फिरत राहण्याचं. सोळाव्या शतकात अर्धं युरोप प्रोटेस्टंट झालं, तिथल्या सोयरिकी बंद झाल्या. मुलगी बाहेर दिली तर वारसा बाहेर जाणार. उरलं माद्रिद आणि व्हिएन्ना.

स्पेनच्या फिलिप चौथ्याने १६४९ साली मारियानाशी लग्न केलं. ती त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी; ती १४ वर्षांची, तो ४४. आधी तिची सोयरीक त्याच्याच मुलाशी ठरली होती, पण तो १६४६ मध्ये वारला आणि ठरलेल्या सुनेशी सासऱ्यानेच लग्न लावलं. यांची मुलगी मार्गारीता. व्हेलाझक्वेझच्या ‘लास मेनिनास’ या १६५६ च्या चित्रात मधोमध उभी असलेली सोनेरी केसांची पोर ती हीच. तिला दिली व्हिएन्नाच्या लिओपोल्ड पहिल्याला. लिओपोल्ड हा मारियानाचा भाऊ, म्हणजे मार्गारीताचा मामा. लिओपोल्डची आई ही फिलिपची बहीण, म्हणून तोच तिचा आत्येभाऊसुद्धा. १६६६ साली लग्न झालं, सहा वर्षांत चार बाळंतपणं झाली, एक मुलगी जगली, आणि २१ व्या वर्षी मार्गारीता गेली. लहानपणी तिची चित्रं वरचेवर व्हिएन्नाला पाठवली जात, भावी नवऱ्याला मुलगी कशी वाढतेय ते कळावं म्हणून.

मग शेवट काय झाला?

मार्गारीताचा धाकटा भाऊ कार्लोस दुसरा. त्याची आई ही त्याची आत्येबहीणही होती. २००९ साली स्पॅनिश संशोधकांनी सोळा पिढ्यांची वंशावळ धरून त्याच्या आई-बापांच्या रक्तसंबंधाचं प्रमाण काढलं, तेव्हा ते सख्ख्या बहीण-भावाला झालेल्या मुलाइतकं निघालं. १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या या राजघरात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी निम्मी दहा वर्षांची होण्याआधीच गेली होती. कार्लोस उशिरा बोलला, उशिरा चालला, दोन लग्नं करूनही त्याला मूल झालं नाही, आणि त्याचा दोष अर्थातच राण्यांना दिला गेला.

१७०० मध्ये तो वारल्यावर गादी फ्रान्सच्या राजाच्या नातवाकडे गेली, तीही एका बाईच्या हक्काने. कार्लोसची सावत्र बहीण मारिया तेरेसा चौदाव्या लुईला दिली होती. पाच लाख सोन्याच्या एस्कुदोंचा हुंडा मिळाल्यावर स्पेनवरचा हक्क सोडायचा असा करार होता. स्पेनने तो हुंडा दिलाच नाही. फ्रेंच वकिलांना एवढं पुरलं. त्यावरून युरोपभर तेरा-चौदा वर्षं युद्ध चाललं.

मुंबई हुंड्यात दिली, त्याचा या घराण्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बहुधा सांगायचा राहून जातो. वर आलेला सेबॅस्टियन १५७८ मध्ये मोरोक्कोत निपुत्रिक मारला गेला. स्पेनच्या फिलिप दुसऱ्याची आई इसाबेल पोर्तुगालची राजकन्या; आईच्या या हक्कावर त्याने १५८० मध्ये पोर्तुगाल घेतलं. त्यामुळे १५८० ते १६४० अशी साठ वर्षं गोवा, वसई, चौल आणि मुंबई यांचा राजा हॅब्सबर्ग होता.

१६४० मध्ये ब्रागांझाच्या ड्यूकने बंड करून पोर्तुगाल सोडवलं. स्पेनशी युद्ध १६६८ पर्यंत चाललं आणि त्यात मित्र हवा होता. ड्यूक राजा होऊन वारल्यावर त्याची विधवा लुईसा राज्य बघत होती. तिने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आपली मुलगी कॅथरीन दिली. २३ जून १६६१ च्या करारात तान्जीर बंदर आणि मुंबई बेट हुंड्यात लिहिलं गेलं. लग्न १६६२ मध्ये पोर्ट्समथला झालं. गोव्यातला व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो ई कास्त्रो याला हा सौदा अजिबात पसंत नव्हता. त्याने जमेल तेवढी चालढकल केली आणि बेट इंग्रजांच्या हाती प्रत्यक्ष पडलं ते फेब्रुवारी १६६५ मध्ये. १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. म्हणजे मुंबई इंग्रजांकडे गेली ती एका आईने हॅब्सबर्गांपासून राज्य वाचवण्याच्या खटपटीत. शाळेच्या पुस्तकात फक्त ‘हुंड्यात मिळाली’ एवढंच येतं.

आणखी एक दुवा. तोर्देसिलासमध्ये आईबरोबर कोंडलेली ती धाकटी कातालिना १५२५ मध्ये पोर्तुगालची राणी झाली. सेबॅस्टियनला सांभाळणारी सासू ती हीच. गोवा आणि सिंहलद्वीपाहून येणाऱ्या हस्तिदंती पेट्या, रत्नं, पंखे यांचा तिने लिस्बनमध्ये मोठा संग्रह केला आणि त्यातल्या वस्तू ती नातलगांना भेट पाठवत असे. लिस्बनहून भारतातला एक हत्तीही १५५२ साली व्हिएन्नाला पोचला होता.

मारिया थेरेसाला गादी मिळाली कशी?

तिचा बाप चार्ल्स सहावा याने १७१३ मध्येच फर्मान काढलं: राज्याचे तुकडे होणार नाहीत, आणि मुलगा नसेल तर मुलीला वारसा. त्या वेळी त्याला मूलच नव्हतं. मारिया थेरेसा जन्मली १७१७ मध्ये. या फर्मानाने त्याच्या थोरल्या भावाच्या दोन मुलींचा हक्क मात्र डावलला गेला. पुढची सगळी वर्षं त्याने युरोपातल्या राजांकडून त्यावर मान्यतेच्या सह्या गोळा केल्या. मुलीला राज्यकारभाराचं शिक्षण द्यायचं कुणालाच सुचलं नाही.

ऑक्टोबर १७४० मध्ये तो वारला. ती २३ वर्षांची, चौथ्या वेळी गरोदर. डिसेंबरात प्रशियाच्या फ्रेडरिकने सायलेसिया प्रांतात फौज घुसवली, मग बव्हेरिया, सॅक्सनी, फ्रान्स. सह्या बहुतेकांच्या होत्या. पैसा, पत, सैन्य, अनुभव यांपैकी काही नव्हतं, असं तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. जून १७४१ मध्ये प्रेसबर्ग इथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, तिचा हंगेरीच्या गादीवर राज्याभिषेक झाला. रीतीप्रमाणे घोड्यावरून टेकडी चढून तिने चारी दिशांना तलवार फिरवली. त्यासाठी घोडेस्वारी ती मुद्दाम शिकली होती. सप्टेंबरात हंगेरियन सरदारांपुढे उभी राहून तिने मदत मागितली आणि त्यांनी ‘प्राण आणि रक्त’ देऊ केलं. त्या वेळी तान्हा योसेफ तिच्या कडेवर होता असं चित्रांत दाखवतात. तो त्या दिवशी तिथे नव्हता, काही दिवसांनी आणला गेला.

सायलेसिया ती परत मिळवू शकली नाही. बाकी बहुतेक राज्य राखलं.

ती सम्राज्ञी होती ना?

नवऱ्यामुळे. स्वतःच्या हक्काने ती हंगेरी आणि बोहेमियाची राणी व ऑस्ट्रियाची आर्चडचेस होती. सम्राटपद निवडणुकीचं, आणि ते बाईला मिळत नसे. १७४५ मध्ये तिचा नवरा फ्रान्सिस निवडून आला.

सोळा मुलं, आणि तरी मुलींची लग्नं इतक्या कठोरपणे?

हा प्रश्न मलाही नेहमी अडवतो, कारण तिचं स्वतःचं लग्न मनासारखं झालं होतं. १७६५ मध्ये फ्रान्सिस गेल्यावर तिने प्रार्थनेच्या पुस्तकात संसाराचा हिशेब मांडला: २९ वर्षं, ६ महिने, ६ दिवस, आणि तासांत २,५८,७४४. त्यानंतर पंधरा वर्षं काळे कपडे. याच बाईने लेकींना बुद्धिबळातल्या प्याद्यांसारखं हलवलं.

कारण राजकीय होतं. प्रशियाविरुद्ध फ्रान्सशी १७५६ मध्ये मैत्री झाली, आणि ती टिकवायला बूर्बाँ या फ्रेंच राजघराण्याच्या प्रत्येक दरबारात एकेक मुलगी हवी होती. नेपल्सला योहाना जायची, ती १७६२ मध्ये देवीच्या साथीत गेली. मग योसेफा ठरली. १७६७ मध्ये निघण्याच्या सुमाराला तीही देवीने गेली. मग तिसरी, कारोलिना, तिला १७६८ मध्ये रवाना केलं. सौंदर्यासाठी नावाजलेली एलिझाबेथ देवीचे व्रण राहिल्याने लग्नाच्या बाजारातून बाद झाली. अमालियाचं मन झ्वाइब्रुकेनच्या कार्लवर होतं, तिला जबरदस्तीने पार्माच्या ड्यूकला दिलं. मर्जीचं लग्न मिळालं ते एकट्या लाडक्या क्रिस्तिनाला, आणि इतर बहिणींनी ते तिला कधी माफ केलं नाही.

धाकटी आंतोनिया १४ वर्षांची असताना मे १७७० मध्ये फ्रान्सकडे सुपूर्द झाली. स्ट्रासबुर्गजवळ ऱ्हाईन नदीतल्या बेटावर त्यासाठी खास मंडप उभारला होता. तिथे शिकत असलेला तरुण ग्योथे (पुढचा जर्मन महाकवी) तो आधी बघून आला आणि हादरला: भिंतींवर जेसन आणि मेडियाच्या कथेचे पडदे लावले होते. नवऱ्याने टाकलेली बायको सवतीचा आणि पोटच्या पोरांचा जीव घेते, ती कथा. सासरी गेल्यावरही आईची नजर सुटली नाही. ऑस्ट्रियाचा राजदूत मेर्सी मुलीच्या नकळत व्हिएन्नाला बारीकसारीक कळवायचा, आणि पाळीच्या तारखाही पत्रातून आईला जायच्या.

‘पाव नसेल तर केक खा’ असं मारी आंत्वानेत म्हणाली होती का?

नाही. ही गोष्ट रूसोने आपल्या आत्मकथनात एका अनाम राजकन्येच्या नावावर लिहिली, तेव्हा आंतोनिया व्हिएन्नात बाहुल्या खेळत होती.

कारोलिनाचं पुढे काय झालं?

बहिणींमध्ये राजकारणाचं खरं अंग हिला होतं. मुलगा झाल्यावर राणीला मंत्रिमंडळात जागा मिळेल असं कलम लग्नाच्या करारात होतं. १७७५ मध्ये मुलगा झाला, तिने कलम वापरलं आणि नेपल्स तीच चालवू लागली. नवऱ्याला शिकार पुरे होती. १७९३ मध्ये बहिणीचा शिरच्छेद झाल्यावर ती फ्रान्सची कट्टर वैरीण झाली. १७९९ मध्ये नेपल्समधल्या प्रजासत्ताकवाल्यांना झालेल्या फाशींत तिचाही हात होता, ते विसरू नये. नशिबाचा खेळ असा की तिचीच नात मारी लुईझ १८१० मध्ये नेपोलियनला दिली गेली.

आणि ब्राझीलची लिओपोल्डिना?

मारी लुईझची बहीण. १८१७ मध्ये ब्रागांझा घराण्याच्या पेद्रोला दिली. २ सप्टेंबर १८२२ रोजी पेद्रो प्रवासात असताना रिओत मंत्रिमंडळाची बैठक तिने घेतली आणि पोर्तुगालशी संबंध तोडायचा निरोप नवऱ्याला धाडला. पाच दिवसांनी त्याने स्वातंत्र्य घोषित केलं. ब्राझीलबाहेर तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मारिया थेरेसा चांगली राज्यकर्ती होती का?

१७६८ मध्ये तिने इंगेनहाउस या डॉक्टरला बोलावून आपल्या घरच्या मुलांना देवी टोचून घेतली, त्यामुळे लोकांची भीती कमी झाली. १७७४ मध्ये मुलामुलींसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. कर, सैन्य, न्याय सगळं नव्याने बसवलं. त्याच बाईने १७४४ च्या अखेरीस भर हिवाळ्यात प्रागमधून ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला. शाळांचं कौतुक करणाऱ्या लेखांत हे वाक्य गाळलेलं असतं.

तिच्या नावाचं नाणं मुंबईत पाडलं होतं, हे खरं?

खरं. मारिया थेरेसाचा चांदीचा थालर अरबस्तान आणि इथिओपियात इतका चालायचा की तिच्या मृत्यूनंतरही तो १७८० हेच साल घालून पाडत राहिले. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या व्यवहारासाठी इंग्रजांना ही नाणी हवी होती. ती १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत पाडली गेली.

सिसी आणि तिची सासू यांचं भांडण मालिकेत दाखवतात तसंच होतं का?

सासू सोफी ही सख्खी मावशी होती, हे मालिकांत नीट ठसत नाही. १८५३ मध्ये तिचा मुलगा सम्राट फ्रान्झ योसेफ याच्यासाठी सिसीची थोरली बहीण हेलेन दाखवायला आणली होती. त्याने १५ वर्षांच्या धाकटीला पसंत केलं. सोफी काही खलनायिका नव्हती. १८४८ च्या धामधुमीत स्वतःच्या नवऱ्याला बाजूला सारून मुलाला गादीवर बसवणारी, दरबारातला ‘एकमेव पुरुष’ म्हणून ओळखली जाणारी ती बाई होती. पण तिने सुनेची मुलं आपल्या ताब्यात घेतली, हे खरंच. थोरली मुलगी दोन वर्षांची असताना गेली, मुलगा रुडॉल्फ १८८९ मध्ये मायरलिंगला प्रेयसीसह मृतावस्थेत सापडला. सिसी प्रवासात राहू लागली आणि १८९८ मध्ये जिनिव्हात लुकेनी नावाच्या अराजकवाद्याने तिला कानशीने भोसकलं. राजकारणात तिने एकाच गोष्टीत मन घातलं: हंगेरी. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यातल्या १८६७ च्या समझोत्यामागे तिचा आग्रह होता.

घराणं आज आहे का?

आहे, गादी नाही. शेवटची सम्राज्ञी झिटा २९ व्या वर्षी आठव्या वेळी गरोदर असताना मादेइरा बेटावर विधवा झाली आणि १९८९ पर्यंत जगली. हक्क सोडल्याच्या कागदावर तिने सही केली नाही, म्हणून ऑस्ट्रियात पाय ठेवायला तिला १९८२ उजाडलं. तिचा मुलगा ऑटो वीस वर्षं युरोपीय संसदेत खासदार होता. तो २०११ मध्ये वारला.

व्हिएन्नाला गेलो तर काय बघावं?

शोनब्रुन राजवाडा सगळेच बघतात. मी म्हणेन, आधी कापुझिनर तळघर, म्हणजे घराण्याचं दफनस्थान. तिथे मारिया थेरेसा आणि फ्रान्सिस यांची एकत्र शवपेटी आहे, तिच्यावर दोघं उठून एकमेकांकडे बघताहेत. ती करवून घेतली दोघं हयात असतानाच. जवळच काउंटेस फुक्सची पेटी शोधा. राणीला लहानपणी सांभाळणारी ही बाई, आणि तिथे जागा मिळालेली घराण्याबाहेरची एकमेव व्यक्ती. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात मार्गारीताची चित्रं वयाच्या क्रमाने बघता येतात, निळ्या झग्यातलं चुकवू नका. ‘लास मेनिनास’ मात्र तिथे नाही. त्यासाठी माद्रिदचं प्रादो गाठावं लागतं.